झेब्रा, क्वागा आणि एफआरआर: रस्ता दाखवणाऱ्या कोडची गोष्ट

आपल्या अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन आहेत. एक चांदूर बाजार, दुसरं चांदूर रेल्वे. नुसतं "चांदूर" लिहून पार्सल टाकलं तर ते कुठं पोचेल याची हमी कोणी देणार नाही. पण पिनकोड लिहिला की भानगड मिटते. 444704 म्हणजे बाजार, 444904 म्हणजे रेल्वे. ही सहा आकड्यांची पद्धत 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाली आणि ती बसवली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. मराठी माणूस, टपाल खात्यातला अधिकारी आणि संस्कृतमधला कवी.

या पद्धतीतली हुशारी बघा. मुंबईत टपाल वेगळं करणाऱ्याला चांदूर बाजार कुठं आहे हे माहीत असायची गरज नाही. 444 दिसलं की थैली कोणत्या दिशेला टाकायची एवढं त्याला कळलं, बस झालं. पुढचे तीन आकडे पुढचे लोक बघतील.

इंटरनेटवरचा राउटर हेच काम करतो. पत्त्याचा सुरुवातीचा भाग पाहतो आणि पॅकेट पुढच्या शेजाऱ्याकडे ढकलतो. त्या सुरुवातीच्या भागाला प्रीफिक्स म्हणतात. एकाच पत्त्याला दोन प्रीफिक्स जुळले तर जो जास्त नेमका, तो जिंकतो.

फरक एकच, पण मोठा. टपालाची यादी टपाल खातं ठरवतं. इंटरनेटला असं कोणतंच खातं नाही. प्रत्येक नेटवर्क आपल्या शेजाऱ्यांना सांगतं, "या पत्त्याकडे माझ्याकडून जाता येतं." शेजारी ते पुढच्यांना सांगतात. या सांगासांगीच्या नियमांना बीजीपी म्हणतात. जानेवारी 1989 मध्ये याकोव्ह रेख्टर आणि कर्क लॉहीड यांनी त्याचा आराखडा जेवणाच्या टेबलावर रुमालांवर मांडला होता. त्याच सुमारास आपल्याकडे मुंबईत जुहूच्या एनसीएसटी संस्थेतून अमेरिकेला 9.6 किलोबिटची लाइन जोडली जात होती. तेव्हा सगळे एकमेकांना ओळखत होते, म्हणून "शेजाऱ्यानं सांगितलं म्हणजे खरंच असेल" हा विश्वास नियमांतच राहून गेला.

त्याचा परिणाम 24 फेब्रुवारी 2008 ला जगानं पाहिला. पाकिस्तानातल्या सरकारी टेलिकॉम कंपनीला यूट्यूब फक्त आपल्या देशात बंद करायचं होतं. त्यांनी यूट्यूबच्या पत्त्यांतल्या एका तुकड्याची जास्त नेमकी घोषणा केली आणि ती चुकून देशाबाहेर गेली. नेमकी घोषणा जिंकते, त्यामुळे जगभरातून यूट्यूबकडे निघालेली पॅकेट्स पाकिस्तानकडे वळली. सुमारे दोन तास यूट्यूब जवळजवळ गायब होतं.

झेब्रा आला कुठून?

ही सांगासांगी करणारं सॉफ्टवेअर पूर्वी मोठ्या कंपन्यांच्या महागड्या डब्यात बंद असायचं. आत काय चाललंय ते बाहेरच्याला दिसायचं नाही. 1996 मध्ये जपानच्या कुनिहिरो इशिगुरो यांनी झेब्रा नावाचं मोफत, खुल्या कोडचं राउटिंग सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. साध्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाका, झेब्रा चालवा, झाला राउटर तयार.

त्याची रचना मला अजूनही शहाणपणाची वाटते. बीजीपीसाठी एक प्रोसेस, ओएसपीएफसाठी दुसरी, आरआयपीसाठी तिसरी. आणि या सगळ्यांचं ऐकून लिनक्सच्या कर्नलला शेवटचा रस्ता सांगणारी एक, तिचंच नाव झेब्रा. एक प्रोसेस कोसळली तरी बाकीच्या उभ्या राहतात.

पण इशिगुरो यांनी पुढं 1999 मध्ये आयपी इन्फ्यूजन ही कंपनी काढली आणि खुल्या झेब्राकडं लक्ष कमी होत गेलं. लोक बग शोधून दुरुस्त्या पाठवत होते, पण त्या मूळ कोडमध्ये जाईनात. झेब्राचं लायसन्स जीपीएल होतं, म्हणजे कोणीही कोडची प्रत घेऊन पुढं नेऊ शकत होता. तशी पॉल जकमा यांनी नेली आणि नाव ठेवलं क्वागा. क्वागा हा दक्षिण आफ्रिकेतला झेब्र्याचा भाऊबंद. शेवटचा क्वागा 1883 मध्ये ॲम्स्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला. नामशेष झालेल्या जनावराचं नाव! गंमत म्हणून ठेवलं असेल, पण पुढं जे झालं ते पाहता नाव जरा जास्तच लागू पडलं.

दुरुस्ती आहे, पण घेणार कोण?

क्वागा खूप वर्षं चाललं आणि बऱ्याच ठिकाणी चाललं. वापर वाढला तशा दुरुस्त्याही वाढल्या. पण त्या तपासून आत घेणारे हात मोजकेच होते. मंग ज्या कंपन्या क्वागावर आपला धंदा चालवत होत्या, त्यांनी काय करावं? प्रत्येकीनं दुरुस्त्या आपापल्या प्रतीत ठेवल्या. तोच बग चार ठिकाणी चौघांनी वेगवेगळा दुरुस्त केला.

माझ्या संशोधनाचा गाभा हाच आहे. बग सापडणं ही अर्धीच गोष्ट. तुमची दुरुस्ती कोणीतरी वाचावी लागते, तपासावी लागते, "हो" किंवा "नाही" म्हणावं लागतं. "नाही" ऐकून माणूस पुन्हा प्रयत्न करतो. काहीच उत्तर आलं नाही तर मात्र तो निघून जातो.

एप्रिल 2017 मध्ये क्युम्युलस नेटवर्क्स आणि इतर काही कंपन्या-संस्थांनी मिळून क्वागाचा नवा फाटा जाहीर केला, लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली. नाव एफआरराउटिंग, थोडक्यात एफआरआर. कोड बराचसा तोच होता. बदलली ती कामाची रीत. दुरुस्ती आत घेण्याचा अधिकार एकाच माणसाकडं न ठेवता अनेकांना दिला. आलेली प्रत्येक दुरुस्ती आधी मशीनवर आपोआप तपासली जाऊ लागली. क्वागाची शेवटची आवृत्ती फेब्रुवारी 2018 मध्ये आली.

जानेवारी 2019

तुम्ही म्हणाल, रीत बदलल्यानं बग संपले का? नाही बाप्पा. पण संपवायला लागणारा वेळ बदलला. त्याचं उदाहरण पाहू.

यूट्यूबसारखे प्रकार रोखण्यासाठी काही संशोधकांनी एक पद्धत सुचवली होती. तिच्या प्रयोगासाठी त्यांनी आधी जाहीर करून जानेवारी 2019 मध्ये बीजीपीच्या संदेशात 255 क्रमांकाची एक जादा खूण जोडून पाठवली. हा क्रमांक प्रयोगांसाठीच राखलेला. नियमानं पाहिलं तर ओळख नसलेली अशी खूण राउटरनं तशीच पुढं पाठवायची.

पण एफआरआरच्या आत एका वेगळ्या सोयीसाठी हाच 255 वापरला होता. त्यामुळे एफआरआरला वाटलं, ही आपलीच खूण. ती वाचायला गेलं तर आत भलतंच. मग त्यानं संदेश सदोष ठरवून शेजाऱ्याशी जोडणीच तोडली. जोडणी तुटली की त्या शेजाऱ्याकडून कळलेले सगळे रस्ते विसरायचे. पुन्हा जोडलं की पुन्हा तोच संदेश, पुन्हा तुटणार. एका पार्सलवरचा शिक्का वाचता आला नाही म्हणून टपालाची अख्खी गाडी परत पाठवावी, तसं.

असं करू नये, फक्त तो एक रस्ता बाद समजावा आणि बाकीचे ठेवावेत, हे ऑगस्ट 2015 च्या आरएफसी 7606 मध्ये लिहिलेलंच होतं. कागदावर नियम होता, कोडमध्ये उतरला नव्हता.

तक्रार येताच संशोधकांनी प्रयोग थांबवला. एफआरआरनं चालू असलेल्या चारही मालिकांच्या दुरुस्त आवृत्त्या काढल्या: 3.0.4, 4.0.1, 5.0.2 आणि 6.0.2. काही दिवसांनी प्रयोग पुन्हा सुरू झाला, तर काही ऑपरेटर चिडले. "आमचं चालू नेटवर्क म्हणजे तुमची प्रयोगशाळा नाही" असा त्यांचा सूर होता. प्रयोग कायमचा बंद झाला.

बरोबर कोण? मला दोन्ही बाजू पटतात. दुरुस्ती निघणं आणि ती प्रत्येक राउटरवर बसणं यांत अंतर असतं, आणि त्या अंतरात कोणाचं तरी चालू काम अडतं. पण तो बग प्रयोगानं निर्माण केला नव्हता. तो आधीपासून तिथं बसला होता. चांगल्या हेतूच्या माणसाऐवजी वाईट हेतूच्या माणसाला आधी सापडला असता तर?

साधी वाटणारी सुधारणा

सगळ्या सुधारणा बग दुरुस्तीच्या नसतात. 16 एप्रिल 2021 ला भारतातल्या व्होडाफोन आयडियाच्या नेटवर्कनं 30 हजारांहून जास्त परक्या प्रीफिक्सची घोषणा केली आणि नको ती वाहतूक स्वतःकडं ओढून घेतली. असे प्रकार बहुधा मांडणीतल्या चुकीतून होतात. काय पाठवायचं नि काय नाही, याची चाळणी नीट लावलेली नसते.

त्यावर 2017 च्या आरएफसी 8212 चं म्हणणं सोपं आहे: चाळणी लावल्याशिवाय राउटरनं बाहेरच्या शेजाऱ्याकडून काही घेऊ नये, त्याला काही सांगू नये. एफआरआरनं 2020 मध्ये 7.4 आवृत्तीपासून हे आपोआप लागू केलं. चुकीची चाळणी यानं थांबत नाही, पण विसरलेली चाळणी थांबते. कित्येकांना त्रास झाला, कारण "काल चालत होतं, आज काहून नाही?" पण विसरभोळ्या माणसाच्या हातून शेजाऱ्याचं नुकसान होऊ नये, हे कोडनंच पाहिलेलं बरं.

आज मोठ्या डेटा सेंटरांमध्ये चालणाऱ्या सोनिक या खुल्या प्रणालीतही एफआरआर आहे. म्हणजे चांदूर बाजारात भाजीवाल्याला यूपीआयनं दिलेले 20 रुपये वाटेत अशाच एखाद्या कोडच्या हातून जात असतील. तो कोड फुकट मिळतो, पण तो सांभाळायला माणसं लागतात. झेब्रा आणि क्वागा कोड वाईट होता म्हणून मागे पडले नाहीत. आलेल्या दुरुस्तीला वेळेवर उत्तर देणारं माणूस कमी पडलं, म्हणून पडले. तुम्ही इंजिनिअरिंगला असाल आणि खुल्या कोडमध्ये काही करायचं मनात असेल, तर नवीन काही लिहायच्या आधी दुसऱ्याची एक दुरुस्ती वाचा, चालवून पाहा आणि त्याला उत्तर द्या. टंचाई तिथंच आहे.