शंभर मिलिलिटरचा इतिहास : विमानतळावर अडवलेल्या बाटलीची गोष्ट

१/ मुंबईहून परदेशी निघालेला प्रवासी सुरक्षा तपासणीच्या रांगेत शिरण्यापूर्वी हातातील पाण्याची बाटली घाईघाईने रिकामी करतो. आजीने बांधून दिलेली लिंबाच्या लोणच्याची बरणी चुकून हातातल्या पिशवीत राहिली असेल, तर तिलाही तिथेच निरोप द्यावा लागतो. १०० मिलिलिटरची ही लक्ष्मणरेषा आखली कोणी आणि कशासाठी? #इतिहास #थ्रेड

२/ या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर म्हणजे 'लंडन, २००६'. उत्तर बरोबर आहे, पण अपुरे. बाटलीत दडवलेल्या द्रवाने विमान उडवल्याची घटना त्याच्याही १९ वर्षे आधीची आहे. तिच्यात ११५ माणसे मृत्युमुखी पडली. मग नियम यायला एवढा काळ का लागला? खरी गोष्ट या विलंबाची आहे.

३/ आरंभ तपासणीच्या यंत्रांपासून करावा लागेल. १९६० च्या दशकाच्या अखेरीस विमान अपहरणांची लाट आली. अपहरणकर्त्याच्या हाती बहुधा पिस्तूल असे. म्हणून जानेवारी १९७३ पासून अमेरिकेत प्रत्येक प्रवाशाची आणि त्याच्या हातातील सामानाची तपासणी सक्तीची झाली. ही व्यवस्था प्रामुख्याने धातू शोधण्यासाठी उभी राहिली. बाटलीतल्या द्रवाकडे पाहण्याची दृष्टी तिच्यापाशी नव्हती.

४/ २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे 'कनिष्क' अटलांटिकवर कोसळले. ३२९ बळी गेले. बॉम्ब सामानकक्षातील बॅगेत होता आणि त्या बॅगेचा मालक विमानात चढलाच नव्हता. जगाने धडा घेतला : प्रवाशाविना त्याचे सामान उडता कामा नये. भारतात नागरी विमान सुरक्षा विभाग १ एप्रिल १९८७ रोजी स्वतंत्र झाला. लक्ष आता सामानकक्षाकडे वळले होते.

५/ त्याच वर्षी, २८ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री, कोरियन एअरचे ८५८ क्रमांकाचे विमान बगदादहून अबुधाबी व बँकॉकमार्गे सोलकडे निघाले. प्रवाशांत आखाती प्रदेशातील कामे संपवून घरी परतणारे दक्षिण कोरियाचे कामगार मोठ्या संख्येने होते. बाप-लेक म्हणून जपानी पारपत्रांवर प्रवास करणारे एक वृद्ध आणि एक तरुणीही त्यांच्यासोबत होती.

६/ हे दोघे उत्तर कोरियाचे हेर होते. अबुधाबीला ते उतरले. आसनांवरच्या कप्प्यात त्यांनी दोन वस्तू मागे ठेवल्या : कालनियंत्रित स्फोटक दडवलेला एक रेडिओ आणि मद्याची वाटावी अशी एक बाटली. बाटलीत मद्य नव्हते, द्रवरूप स्फोटक होते. विमान अंदमानच्या समुद्रावर नष्ट झाले. ११५ पैकी एकही जण वाचला नाही.

७/ बहारीनमध्ये पकडले जाताच दोघांनीही विष घेतले. वृद्ध दगावला, तरुणी वाचली. तिचे नाव किम ह्योन-हुई. सोलमध्ये तिने कबुलीजबाब दिला. जानेवारी १९८८ मध्ये अमेरिकेने उत्तर कोरियाला दहशतवादाचे पाठीराखे राष्ट्र ठरवले. जगाच्या स्मरणात हेर राहिले, विष राहिले, सोल ऑलिंपिकवरचे सावट राहिले. बाटली मात्र त्या थरारकथेतला एक तपशील होऊन मागे पडली.

८/ दुसरा इशारा ११ डिसेंबर १९९४ रोजी मिळाला. फिलिपीन एअरलाइन्सचे ४३४ क्रमांकाचे विमान मनिलाहून सेबूमार्गे टोकियोला चालले होते. रम्झी युसुफ हा दहशतवादी खोट्या नावाने सेबूपर्यंत आला आणि उतरून गेला. त्याच्या आसनाखाली बॉम्ब राहिला. त्यातले नायट्रोग्लिसरीन त्याने कॉन्टॅक्ट लेन्सच्या द्रावणाच्या बाटलीतून आणले होते.

९/ स्फोटात एक जपानी प्रवासी ठार झाला. विमानाची नियंत्रणे खिळखिळी झालेली असताना कप्तानाने ते कसेबसे ओकिनावातील नाहा येथे उतरवले. युसुफच्या लेखी ही केवळ रंगीत तालीम होती. जानेवारी १९९५ मध्ये मनिलातील त्याच्या खोलीत आग लागली आणि पोलिसांच्या हाती त्याचा संगणक आला. प्रशांत महासागरावरून जाणारी अमेरिकेची सुमारे डझनभर विमाने उडवण्याचा बेत त्यात होता.

१०/ हाच तो 'बोजिंका' कट. युसुफ १९९५ मध्ये पाकिस्तानात पकडला गेला आणि १९९६ मध्ये दोषी ठरला. सूत्रधार गजाआड गेला, म्हणून धोकाही गजाआड गेला असे मानले गेले. पण युक्ती कोणा एका माणसाची मालमत्ता नसते. बाटलीवर जगभर लागू होईल असा नियम तेव्हाही झाला नाही.

११/ यात केवळ हलगर्जी नव्हती, तांत्रिक अडचणही होती. त्या काळच्या क्ष-किरण यंत्रांना वस्तूची सपाट छाया दिसे. पिस्तुलाचा आकार छायेत ओळखता येतो. पाणी, सरबत आणि स्फोटक द्रव यांच्या छाया मात्र जवळपास सारख्याच पडतात. यंत्राला फरक कळत नसेल तर दोनच मार्ग उरतात : धोका पत्करणे, किंवा सर्वच बाटल्यांना संशयित मानणे. जगाने २००६ पर्यंत पहिला मार्ग धरला.

१२/ २००६ च्या उन्हाळ्यात लंडनमधील काही तरुणांवर ब्रिटिश गुप्तचरांची पाळत होती. अब्दुल्ला अहमद अली हा त्यांचा म्होरक्या. जूनमध्ये तो पाकिस्तानातून परतला तेव्हा त्याची बॅग गुपचूप उघडून पाहण्यात आली. आत सरबताची पूड आणि बॅटऱ्यांचा मोठा साठा होता. सुटी पाहिली तर प्रत्येक वस्तू निरुपद्रवी. एकत्र पाहिल्यावर मात्र त्यांचा अर्थ बदलत होता.

१३/ बेत असा होता : शीतपेयाच्या बाटलीचे सील शाबूत राखून आतले पेय काढायचे आणि हायड्रोजन पेरॉक्साइडवर आधारित स्फोटक भरायचे. लक्ष्य होते हीथ्रोहून अमेरिका व कॅनडाला जाणारी किमान सात विमाने. पाकिस्तानात रशीद रौफ या संशयिताला अटक होताच ब्रिटनमधील पाळत आवरती घ्यावी लागली. ९ ऑगस्टच्या रात्री धरपकड सुरू झाली.

१४/ १० ऑगस्टची सकाळ. ब्रिटनच्या विमानतळांवर हातातील सामान जवळपास संपूर्णपणे बंद. पाकीट, पारपत्र, औषधे अशा मोजक्या वस्तू पारदर्शक पिशवीतून न्यायच्या. तान्ह्या बाळाचे दूध नेता येई, पण आईवडिलांनी ते अधिकाऱ्यांसमोर चाखून दाखवायचे. एरवी मायेची खूण असलेली दुधाची बाटलीही त्या दिवशी पुराव्याविना निर्दोष राहिली नाही.

१५/ सरसकट बंदी फार काळ चालणार नव्हती. प्रवासी कंटाळले, विमान कंपन्या वैतागल्या. सप्टेंबरअखेर अमेरिकेने लहान बाटल्यांना मुभा दिली. ६ नोव्हेंबर २००६ पासून युरोपीय संघात नियम आला : प्रत्येक बाटली १०० मिलिलिटरपर्यंत, आणि सर्व बाटल्या १ लिटरच्या एकाच पारदर्शक पिशवीत. १०० चा हा आकडा म्हणजे भय आणि सोय यांच्यात झालेली तडजोड होय.

१६/ येथे एक बाब नजरेआड करू नये. नियम आधी आला, न्यायालयाचा निवाडा मागाहून. २००८ च्या खटल्यात तिघे खुनाच्या कटात दोषी ठरले, पण विमाने हेच लक्ष्य होते का, यावर पंचांचे एकमत झाले नाही. पुन्हा खटला चालला. सप्टेंबर २००९ मध्ये तो आरोप सिद्ध झाला आणि अलीला किमान ४० वर्षांच्या कारावासासह जन्मठेप झाली. तोवर जगभरच्या रांगा ३ वर्षे बाटल्या रिकाम्या करत होत्या.

१७/ नियमावर टीकाही झाली. अमेरिकी सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी अशा दिखाऊ उपायांसाठी 'सुरक्षेचे नाटक' हा शब्दप्रयोग आधीच रूढ केला होता. एकाला १०० मिलिलिटर नेता येते, तर दहा जणांनी मिळून लिटरभर का नेऊ नये, हा आक्षेप बिनतोड वाटतो. पण नियम काही अभेद्य तटबंदी उभारत नव्हता. कट रचणाऱ्याला अधिक माणसे, अधिक वेळ आणि अधिक धोका पत्करायला लावणे, एवढाच त्याचा हिशेब.

१८/ तात्पुरता म्हणून आलेला हा नियम एक पिढी पुरला. लोणचे, तूप, पातळ चटण्या हेही या हिशेबात 'द्रव'च ठरले आणि परदेशी निघणाऱ्या मराठी घरांत बॅग भरण्याची रीत बदलली. आता सामानाचे त्रिमितीय चित्र घेणारी यंत्रे आली आहेत. ती द्रवाद्रवांतला भेद बऱ्याच अंशी ओळखतात. जुलै २०२५ पासून एडिंबरा व बर्मिंगहॅम विमानतळांवर २ लिटरपर्यंतची बाटली नेता येऊ लागली.

१९/ म्हणून सुरक्षा तपासणीची रांग इतिहासाच्या थरांसारखी वाचता येते. धातुशोधक यंत्र अपहरणांच्या काळाचे, सामानाची नोंद 'कनिष्क'ची, रिकामी बाटली लंडनची. मात्र या थरांत १९८७ ची ती बाटली दिसत नाही. त्या ११५ जणांच्या मृत्यूने नियम बदलला नाही. तो बदलला एकही बळी न घेता फसलेल्या कटाने.

२०/ घरी परतणाऱ्या त्या कामगारांचे नाव कोणत्याही तपासणी फलकावर नाही. शासनसंस्था इशाऱ्यांतून क्वचितच शिकतात, हादऱ्यांतून शिकतात. आणि कोणता हादरा मोजायचा, हे तो कोठे बसला यावर पुष्कळदा ठरते. पुढल्या प्रवासात रांगेत बाटली रिकामी करताना लंडन आठवेलच. अंदमानचा समुद्रही आठवावा.

(धागा समाप्त)