चित्रांतील किल्ला आणि शिरवळचा कोट

लहान मुलाला पूर्वजांची पहिली भेट घडते ती बहुधा चित्रांतून. अक्षरओळख होण्यापूर्वींच धनुष्य ताणणारा राम त्याच्या डोळ्यांपुढें उभा राहतो. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं स्वतः कुंचला हातीं घेऊन रामकथेचे प्रसंग रंगविले. त्यांचें चित्ररामायण १९१६ सालीं प्रसिद्ध झालें.

पुराणकथेच्या चित्रकाराला कल्पनेची मोकळीक असते; रामाचा मुकुट कसा होता, हें सांगणारा साक्षी कोणी नाहीं. शिवकालीन पराक्रम रेखाटणाऱ्यास मात्र ती सवलत नाहीं. याचें उदाहरण औंधच्याच सातारा जिल्ह्यांत, नीरेकाठच्या शिरवळास सांपडतें. १६४८ सालीं आदिलशाही सरदार फत्तेखान चालून आला, तेव्हां त्याच्या बाजूच्या बाळाजी हैबतरावानें शिरवळचा सुभानमंगळ घेतला. कावजी मल्हार आणि त्याच्या सोबत्यांनीं चढाई करून तो परत मिळविला. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारतां’त ही लढाई वर्णिलेली आहे.

सुभानमंगळ हा भुईकोट. मराठ्यांचा किल्ला म्हणतांच डोंगरमाथा काढण्याची संवय जडलेल्या हातानें येथें क्षणभर थांबावें. येथें कडा नाहीं, दरी नाहीं. उघड्या मैदानांतून तटाला भिडणें, हेंच त्या वीरांचें धाडस. चित्रांत डोंगर आला कीं तें झांकलें जातें.

आज कोटाचे थोडेच अवशेष उरले आहेत. तेच चित्रकाराचे साक्षी. ते नाहींसे झाले, तर पुढच्या पुस्तकांत सुभानमंगळहि डोंगरावर जाऊन बसेल, आणि मुलें तेंच खरें मानतील.