नारायण पेठेतला वाडा आणि सभापतींची खुर्ची

पुण्यात नारायण पेठेत लोकमान्य टिळकांचा केसरीवाडा आहे. टिळक १८९५ मध्ये मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात निवडून गेले. तेव्हा सभासदाला अर्थसंकल्पावर बोलता येई, प्रश्न विचारता येई. पण त्यावर मत देता येत नसे. पुढे त्यांचे नातू जयंतराव टिळक १९८६ ते १९९८ आपल्या विधान परिषदेचे सभापती होते.

सभापतींना सदस्यच निवडतात. कुणी कधी बोलायचं, ते सभापती ठरवतात. स्वतः मत देतात ते फक्त दोन्हीकडे सारखी मतं पडली तरच. विधानसभेत हेच काम अध्यक्षांचं. कारभार मुख्यमंत्री पाहतात, पण सभागृहात उत्तर त्यांनाही द्यावं लागतं.

आपल्या गटाच्या बैठकीतही अध्यक्षताईंनी गप्प बसलेल्या बाईला आधी बोलू द्यावं. खुर्ची त्यासाठीच असते.