शेर, पसा आणि वाटी : मराठी स्वयंपाकघरातील मापांचा इतिहास

जुन्या मराठी स्वयंपाकघरातील सगळे काम अंदाजाने चालत असे, असे विधान सर्रास केले जाते, आणि मोजमापाची शिस्त छापील पाकपुस्तकांनी व प्रमाणित भांड्यांनी आणली असा समज त्यामागे असतो. हा समज चुकीचा आहे. भारतीय पाकविद्येत मोजण्याची परंपरा फार जुनी आहे. मात्र ती एखाद्या जिन्नसाच्या ठरावीक वजनापेक्षा दोन जिन्नसांमधल्या प्रमाणावर उभी होती, आणि गृहिणी ज्याला अंदाज म्हणत असे तो बहुतांशी या प्रमाणाचाच हातात मुरलेला सराव होता.

कौटिलीय अर्थशास्त्रात कोठाराच्या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगणारे प्रकरण आहे आणि त्यात एका पुरुषाच्या जेवणाचा हिशेब दिला आहे. एक प्रस्थ अखंड, निवडलेले तांदूळ, त्याच्या चौथ्या हिश्शाइतके वरण, वरणाच्या सोळाव्या हिश्शाइतके मीठ आणि वरणाच्याच चौथ्या हिश्शाइतके तूप किंवा तेल, असा तो हिशेब असून स्त्रियांसाठी त्यातून पाव भाग कमी करावा आणि मुलांसाठी निम्मे घ्यावे, असेही तेथे सांगितले आहे. प्रस्थ हे धान्याचे माप होते. पण येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की मूळ माप एकदा तांदळाला लावले की पुढचे सर्व जिन्नस एकमेकांच्या आधाराने ठरतात, त्यामुळे प्रस्थाऐवजी दुसरे कोणतेही भांडे घेतले तरी वरणाची चव बदलत नाही. आयुर्वेदाने हीच रीत भाताला लावली. अकराव्या शतकातील चक्रदत्त या ग्रंथाच्या परंपरेत भातासाठी तांदळाच्या पाचपट, विलेपी म्हणजे दाट पेजेसाठी चौपट, यवागू म्हणजे पातळ पेजेसाठी सहापट आणि मंड म्हणजे निव्वळ निवळीसाठी चौदापट पाणी सांगितले आहे. आजारी माणसाला काय पचेल याचा निर्णय या पटींवर सोपवलेला होता, म्हणजे पाण्याचे प्रमाण हा चवीइतकाच औषधाचाही प्रश्न होता. याउलट बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने रचलेल्या मानसोल्लासात मांड्यांसारखे पदार्थ येतात, तेव्हा वर्णनाचा भर आकड्यांपेक्षा गहू धुणे, वाळवणे, दळणे, चाळणे आणि तापल्या खापरावर भाजणे या क्रमावर आहे. पाककृती सांगण्याच्या प्रमाण आणि क्रम या दोन्ही वाटा अशा रीतीने जुन्याच आहेत.

मराठी मुलखात धान्य भरून मोजण्याची मापे ही एक उतरंडच होती. दोन निठव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली, सोळा पायल्यांचा एक मण आणि वीस मणांची एक खंडी, असे कोष्टक मुलांकडून पाठ करून घेतले जाई. खालच्या पायऱ्यांवर प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट असल्यामुळे घरातली बाई कोणत्याही हिशेबाशिवाय निम्मे किंवा दुप्पट करू शके, आणि पाहुणे वाढले की मापट्याऐवजी शेर घेणे एवढेच तिला करावे लागे. अडचण होती ती शेराचीच. भरून मोजायचा शेर वेगळा आणि तराजूत तोलायचा शेर वेगळा, शिवाय दोन्ही गावागणिक बदलत असत. मुंबई प्रांतात 1932 साली वजनमापांचा कायदा झाला तेव्हा ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे सुमारे 933 ग्रॅमचा, शेर प्रमाण ठरवण्यात आला. त्यातही माप सपाट भरायचे की शिगेसह, म्हणजे काठावर धान्याची रास चढवून, हा भेद होताच. इतक्या अस्थिर मापांवर पिढ्यान्‌पिढ्या तोच पदार्थ तसाच उतरत राहिला, याचे कारण कृती मापात साठवलेली नसून प्रमाणात साठवलेली होती हेच मानावे लागते. पुरणाला डाळीइतकाच गूळ, मोदकाच्या उकडीला पिठीइतकेच पाणी, चकलीच्या भाजणीला चार भाग तांदूळ, दोन भाग हरभऱ्याची डाळ आणि एक भाग उडदाची डाळ, ही सूत्रे निठव्यालाही लागू पडतात आणि पायलीलाही.

या भांड्यांखेरीज चिमूट, मूठ, पसा, ओंजळ आणि बोटाचे पेर ही शरीराची मापे होती. ती ओबडधोबड वाटतात. परंतु एकाच घरात रोज तोच हात तेच डबे उघडत असेल, तर चिमटीत येणारे मीठ फारसे बदलत नाही. तांदळावर पेरभर पाणी ठेवण्याची युक्ती मात्र पातेल्यावर अवलंबून असते, कारण पसरट भांड्यात तेवढ्याच उंचीला तांदळाच्या मानाने कितीतरी अधिक पाणी बसते, आणि म्हणूनच भाताचे पातेले सहसा बदलले जात नसे.

जेथे मोजून भागत नाही तेथे खुणा होत्या, आणि जुन्या पाकज्ञानाचा सर्वांत मोलाचा भाग याच खुणांमध्ये आहे. साखरेचा पाक हे त्याचे उत्तम उदाहरण होय. पाक उकळताना पाणी उडून जाते, साखरेची घनता वाढते आणि उकळबिंदू वर चढतो. ही चढती पायरी ओळखण्यासाठी चिमटीत पाक धरून बोटे विलग करायची आणि एक तार निघते की दोन हे पाहायचे, किंवा थेंब थंड पाण्यात सोडून त्याची मऊ गोळी वळते का हे तपासायचे. अशा गोळीबंद पाकाचे तापमान सुमारे 115 अंश सेल्सिअस असते, म्हणजे तापमापक नसताना बोटांनी तापमापकाचेच काम केलेले असते. चकलीच्या पिठाला घातलेले मोहन, म्हणजे कडकडीत तेल, पुरेसे झाले की नाही हे पीठ मुठीत दाबल्यावर मुटका वळतो का यावरून ठरे; लोणी कढवताना तडतड थांबली की त्यातले पाणी संपून तूप झाले असे समजत. चुलीतली लाकडे ओली की सुकी, गूळ नवा की जुना, पीठ कोणत्या जात्याचे, या सगळ्यांवर मात करण्याची ताकद या खुणांमध्ये होती, कारण त्या साधनांविषयी काही न बोलता थेट पदार्थाची अवस्था पाहत.

हे ज्ञान मराठीत छापले जाऊ लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे सूपशास्त्र 1875 मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते मराठीतील आरंभीच्या पाकपुस्तकांत गणले जाते. पुढे 1910 मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचे गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया आले. पुरुषाने लिहिलेल्या शास्त्राकडून स्त्रीने लिहिलेल्या मित्राकडे झालेला हा प्रवास महत्त्वाचा आहे. पुस्तकाला चिमटी दाखवता येत नाही, त्यामुळे जे सासू किंवा आई शेजारी उभी राहून सांगत असे ते आता शब्दांत आणि आकड्यांत बांधणे भाग पडले.

स्वातंत्र्यानंतर ही आकड्यांची चौकट मुळापासून बदलली. दशमान वजने आणि मापे 1 ऑक्टोबर 1958 पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि बाजारातून शेर, तोळा, पायली मागे पडली. वाण्याकडून येणारा जिन्नस किलो-ग्रॅममध्ये येऊ लागला. घरात मात्र तराजू नव्हता. ही पोकळी वाटीने भरून काढली. कमलाबाई ओगले यांचे रुचिरा 1970 मध्ये निघाले, त्यात प्रमाणे वाटी आणि चमच्यांनी सांगितली होती, आणि त्या पुस्तकाच्या अफाट लोकप्रियतेचे श्रेय या निवडीला मोठ्या प्रमाणावर द्यायला हवे, कारण नोकरीनिमित्त शहरात एकटे बिऱ्हाड थाटलेल्या नवविवाहितेजवळ वडीलधारे कोणी नसले तरी वाटी नक्कीच होती. वाट्या लहानमोठ्या असतात हा आक्षेप येथे फारसा टिकत नाही. सर्व जिन्नस एकाच वाटीने मोजले की प्रमाण अबाधित राहते, आणि या दृष्टीने रुचिरा जुन्याच परंपरेचे पुस्तक ठरते.

भट्टीच्या पदार्थांत मात्र वाटी अपुरी पडते. भाजण्याची कला मराठी घराला परकी नव्हती. मुंबईच्या पाठारे प्रभूंचे भानोले वर-खाली निखारे ठेवून भाजले जाई, आणि दिवाळीत नानकटाईचे ताट जवळच्या बेकरीत नेऊन भाजून आणण्याची रीत शहरांत बराच काळ होती. पण मैदा चाळला की हलका होतो आणि दाबला की त्याच वाटीत पुष्कळ अधिक मावतो, शिवाय खुसखुशीतपणा मैदा, साखर आणि तूप यांच्या वजनावर अवलंबून असतो. बंद भट्टीत गेलेल्या पिठाला मध्येच पाणी घालून सावरता येत नाही किंवा त्याची तार काढून पाहता येत नाही. म्हणून घरी केक आणि पाव करणाऱ्यांच्या ओट्यावर आता छोटा विजेरी काटा येऊ लागला आहे, आणि एकेकाळी वाण्याच्या दुकानापुरते असलेले तोलणे प्रथमच स्वयंपाकघरात शिरले आहे.