सोसायटीचा ई-मेल : पर्यायी पत्त्यांचे व्यवस्थापन

पुण्याच्या दक्षिण भागातील बिबवेवाडी परिसरात सहकारी गृहनिर्माण संस्थांची मोठी वस्ती आहे. अशा संस्थेच्या व्यवस्थापन समितीची मुदत महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार पाच वर्षांची असते. समिती बदलली की दप्तर, शिक्के आणि धनादेशपुस्तिका नव्या पदाधिकाऱ्यांकडे सुपूर्द होतात. ई-मेल मात्र बहुधा मागेच राहतो. महापालिका, बँक आणि लिफ्टची देखभाल करणारी कंपनी यांची पत्रे माजी सचिवांच्या खासगी खात्यात येत राहतात. एखादी नोटीस वेळेत हाती पडली नाही, तर भुर्दंड सर्व सभासदांना बसतो. यावरील उपाय म्हणजे ई-मेलचा पर्यायी पत्ता, अर्थात अलियास.

अलियास म्हणजे काय?

अलियासला स्वतःची पत्रपेटी नसते. संस्थेच्या डोमेनवर ‘सचिव’ या नावाचा पत्ता तयार केला, की त्यावर आलेले पत्र ठरवून दिलेल्या एका किंवा अनेक खऱ्या पत्त्यांवर पोहोचते. सचिव बदलले तरी बाहेर दिलेला पत्ता कायम राहतो. बदलते ती केवळ आतली नोंद. देवनागरीतील पत्ते सर्वच सर्व्हर स्वीकारत नसल्याने हे नाव रोमन अक्षरांत ठेवणे सोयीचे ठरते.

ही कल्पना जुनी आहे. युनिक्स संगणकांवरील सेंडमेल प्रणालीत अशा पत्त्यांची यादी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिली जात असे. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी २१४२ या दस्तऐवजाने चौकशी, विक्री, गैरवापराची तक्रार अशा कामांसाठी ठरावीक पत्त्यांची नावे सुचविली.

उभारणी

हे काम ब्राउझरमधून करता यावे यासाठी ‘पोस्टफिक्सअ‍ॅडमिन’ हे पीएचपी भाषेतील मुक्त सॉफ्टवेअर उपलब्ध आहे. त्यासाठी कायमस्वरूपी आयपी पत्ता असलेला लिनक्स सर्व्हर लागतो. त्यावर पत्रांची ने-आण करणारे पोस्टफिक्स, पत्रपेट्या सांभाळणारे डव्हकॉट आणि मारियाडीबीसारखा डेटाबेस बसवावा लागतो. अनेक क्लाउड कंपन्या ई-मेल पाठविण्याचे २५ क्रमांकाचे पोर्ट बंद ठेवतात. त्यामुळे सर्व्हर भाड्याने घेण्यापूर्वी ही चौकशी करणे आवश्यक आहे.

पोस्टफिक्सअ‍ॅडमिनच्या फाइली सर्व्हरवर ठेवून डेटाबेसचा तपशील त्याच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहावा. त्यानंतर सेटअपचे पान उघडून मुख्य प्रशासकाचे खाते तयार करता येते. पर्यायी पत्ते याच डेटाबेसमध्ये शोधण्याची सूचना पोस्टफिक्सला स्वतंत्रपणे द्यावी लागते. ती राहिल्यास पडद्यावर अलियास दिसतात, परंतु पत्रे पोहोचत नाहीत.

डोमेनच्या डीएनएस नोंदींत एमएक्स, एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या चारही हव्यात. त्याखेरीज सर्व्हरच्या आयपी पत्त्याची उलट नोंदही हवी. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने नियम कडक केल्यामुळे या नोंदींविना पाठविलेली पत्रे स्पॅममध्ये जाण्याचा किंवा नाकारली जाण्याचा धोका असतो.

रोजचा कारभार

पुढे पाठविलेल्या पत्रांबाबत एक अडचण हमखास येते. बँकेचे पत्र संस्थेच्या सर्व्हरवरून सचिवांच्या खात्यात जाते, तेव्हा ते बँकेच्या अधिकृत सर्व्हरवरून आलेले नसते आणि एसपीएफची तपासणी फसते. एसआरएस ही पद्धत लिफाफ्यावरील प्रेषकाचा पत्ता बदलून हा दोष दूर करते. तसेच अलियास केवळ पत्र आणून देतो. सचिवांनी खासगी खात्यातून उत्तर दिल्यास त्यांचाच पत्ता समोरच्याला दिसतो. म्हणून उत्तरासाठी संस्थेच्या सर्व्हरवरून पाठविण्याची सोय करावी लागते.

अलियासमुळे नवी पत्रे नव्या सचिवांकडे येतात, जुनी मात्र आधीच्या सचिवांच्याच खात्यात पडून राहतात. त्यासाठी प्रत्येक अलियासला दुसरा प्राप्तकर्ता म्हणून ‘दप्तर’ नावाची संस्थेची स्वतःची पत्रपेटी जोडावी. तिथे प्रत्येक पत्राची प्रत साठते आणि पुढच्या समितीला सलग पत्रव्यवहार मिळतो. कोणी कोणता बदल केला, याची नोंदही पोस्टफिक्सअ‍ॅडमिन ठेवते. डेटाबेस आणि पत्रपेट्यांची प्रत नियमितपणे अन्यत्र ठेवणे व सर्व्हर अद्ययावत राखणे, ही कामे मात्र माणसालाच करावी लागतात.

एवढे करूनही डोमेनची नोंदणी एखाद्या हौशी सभासदाच्या नावावर राहिली, तर मूळ दुखणे तसेच राहते. डोमेन संस्थेच्या नावावर असावे, नूतनीकरणाची तारीख इतिवृत्तात नोंदवावी आणि मुख्य प्रशासकाचा पासवर्ड मोहोरबंद पाकिटात संस्थेच्या कपाटात ठेवावा. पदभार देताना शिक्क्यासोबत हे पाकीटही दिले गेले पाहिजे.