पावले आणि कळले

मेहकर तालुक्यातल्या आमच्या गावात साधं पत्र घेऊन आलेल्या पोस्टमनला चहा मिळायचा. रजिस्ट्री घेऊन आला, की आबा मागच्या दाराने वावराकडे निघायचे. "घरी नाहीत म्हणून सांगा," एवढं आम्हा पोरांना बजावून. त्यांचा हिशेब सरळ होता. पोचपावतीवर सही नाही, म्हणजे नोटीस पोचली नाही. नोटीस पोचली नाही, म्हणजे कर्जाचा दावाही नाही.

एकदा पोस्टमनने त्यांना दारातच गाठलं. आबांनी हात मागे घेतला. 'घेण्यास नकार' असा शेरा पडून पाकीट परत गेलं आणि पुढे कोर्टात तोच शेरा सहीच्या जागी उभा राहिला. दोन एकर वावर गेलं.

आबांना ठाऊक नव्हतं, पण कायद्याने हे दार 1897 सालीच बंद केलं होतं. जनरल क्लॉजेस ॲक्टचं 27वं कलम सांगतं, की पत्ता बरोबर असेल, टपालखर्च भरलेला असेल आणि पत्र रजिस्टर्ड पोस्टाने टाकलेलं असेल, तर ते रीतसर पोचलं असं धरायचं. तसं नसल्यास उलट सिद्ध करावं लागतं. न वटलेल्या धनादेशांच्या नोटिसांबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये अलावी हाजी खटल्यात हेच गृहीतक उचलून धरलं. पोचणं म्हणजे वाचणं नव्हे, हे कायद्यालाही कळतं. पण त्याला फक्त पोचण्याशी काम असतं.

सगळ्याच पावत्या भीतीच्या नव्हत्या. मुंबईला कामाला गेलेला मुलगा मनीऑर्डर करायचा, तेव्हा गावाकडच्या आईचा अंगठा उमटलेली पावती त्याच्याकडे परत जायची. त्या निळसर ठशातून त्याला कळायचं, की पैसे मिळाले आणि आई आहे.

त्याच्याही मागे गेलं, तर मराठी पत्रव्यवहारात पोच देण्याची रीतच होती. पेशवेकाळातल्या मोडी पत्रांत उत्तराची सुरुवात बहुधा आलेल्या पत्राच्या उल्लेखाने होते: पत्र पावले, मजकूर कळला. मग समोरच्याने काय लिहिलं होतं, त्याचा गोषवारा येतो आणि त्यानंतर उत्तर. पावणं आणि कळणं ही दोन क्रियापदं वेगळी ठेवलेली आहेत, आणि दोन्ही वाचणाऱ्याने स्वतः लिहायची आहेत.

ईमेलची 'रीड रिसीट' ही दोन क्रियापदं एकत्र करते. तिचा तांत्रिक आराखडा मार्च 1998 मध्ये आरएफसी 2298 म्हणून प्रसिद्ध झाला; 2017 पासून आरएफसी 8098 लागू आहे. त्यात दोन गोष्टी स्पष्ट आहेत. पावती पाठवायची की नाही, हे ठरवण्याचा हक्क वाचणाऱ्याचा. आणि पावतीतला 'डिस्प्लेड' हा शब्द मेल पडद्यावर उघडली एवढंच सांगतो. ती वाचली किंवा समजली याची हमी देत नाही.

आमच्या कार्यालयात मात्र ती हमीच मानली जायची. एकदा रात्री अकराला मेल उघडली. सकाळी विचारणा झाली: "रात्रीच वाचलंत ना, मग उत्तर कुठे आहे?" त्या दिवशी मी आउटलुकमध्ये फाइल, ऑप्शन्स, मेल, ट्रॅकिंग असं शोधत गेलो. तिथे तीन पर्याय होते: नेहमी पाठवा, कधीच पाठवू नका, दरवेळी विचारा. मी दुसरा निवडला. सर्व्हर स्वतःहून देतो ती 'डिलिव्हरी रिसीट' याने थांबत नाही. मेलमध्ये दडवलेल्या एका ठिपक्याएवढ्या चित्रावरून लागणारा माग थांबवायचा, तर बाहेरची चित्रं आपोआप उघडणंही बंद ठेवावं लागतं.

बटण दाबताना आबांचं मागचं दार आठवलं. मीही तेच करतोय का?

तेव्हापासून एक पथ्य पाळतो. कामाची मेल वाचली, की दोन ओळी स्वतः लिहितो: मेल मिळाली, मजकूर समजला, गुरुवारपर्यंत कळवतो. समजला नसेल, तर तसं लिहितो.

2025 मध्ये टपाल खात्याने रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं. ही बातमी ऐकायला आबा नव्हते. असते तर त्यांनी आधी एवढंच विचारलं असतं: सही तरी लागते का अजून?