अंकांची किल्ली

पुण्याच्या पेशवे दफ्तरांतील मोडी कागद नवख्या माणसापुढें ठेवला, तर तो गोंधळून जाईल. अक्षरें एकास एक लागलेलीं, शब्द तोडलेले नाहींत, ह्रस्वदीर्घाचा भेद पाळलेला नाहीं. तरीहि 1930 ते 1934 या काळांत गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं त्या दफ्तरांतील निवडक कागद 45 भागांत छापून निघाले. कारण मोडी वाचणारांची परंपरा तेव्हां जिवंत होती. लिपीची किल्ली माणसांपाशीं होती.

संगणकांतील लेखनास हा आधार नाहीं. तेथें केवळ 0 आणि 1 हीं दोनच चिन्हें. त्यांचे आठ-आठांचे गट पाडले म्हणजे 0 पासून 255 पर्यंतचे अंक मिळतात. 200, 221, 193, 225, 162 हे अंक पाहून कोणास काय बोध व्हावा? ते कसे वाचावे हें सांगणारा लेख जवळ नसेल, तर त्यांस अर्थच नाहीं.

असा एक लेख भारतीय मानक ब्यूरोनें 1991 सालीं प्रमाण म्हणून प्रसिद्ध केला. त्याचें नांव ‘इस्की’. 1988 सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ संस्थेनें त्याचा संगणकांत पुष्कळ प्रसार केला. त्यांत 127 पर्यंतचे अंक रोमन लिपीकडे ठेवून वरचे भारतीय लिपींस दिले आहेत. त्याप्रमाणें वरील अंक म्हणजे प, उकार, ण, एकार व अनुस्वार, अर्थात् ‘पुणें’.

परंतु नुसत्या तक्त्यानें भागत नाहीं. ‘कि’ लिहितांना डोळ्यांस वेलांटी आधीं दिसते, उच्चारांत मात्र क आधीं येतो. मग यंत्रांत आधीं काय ठेवावें? इस्की सांगतें, उच्चाराचा क्रम पाळावा: 179, मग 219. क, हलन्त, ष हे ओळीनें आले तर ‘क्ष’ व्हावा. पाय मोडलेला क् तसाच दाखवावयाचा असेल, तर हलन्त दोनदां द्यावा. जेथें दोन वाचक दोन अर्थ करतील, तेथें एकच अर्थ ठरवून उदाहरणासह लिहिणें, हेंच अशा लेखाचें खरें काम होय.

याच्या उलट प्रकारहि आम्हीं पाहिला आहे. छपाईसाठीं निघालेल्या कित्येक टंकांत वर्णांऐवजीं दिसणाऱ्या आकारांस अंक दिले गेले, आणि ते प्रत्येकानें आपापल्या सोयीनें दिले. टंक बदलला कीं मराठी मजकुराच्या जागीं निरर्थक चिन्हें उमटतात. ग्रंथ कागदावर शाबूत आहे, पण त्याची फाइल मुकी झाली! याउलट इस्कीच्या 1988 सालच्या आराखड्यावरून ‘युनिकोड’मधील देवनागरीची मांडणी झाली, नियम लिहिलेले होते म्हणूनच परक्यांस ते उचलतां आले.

ज्या छापखान्यांत जुन्या फाइली पडून आहेत, तेथें त्या टंकांचा तक्ता जाणणारा मनुष्य आहे तोंवरच तो लिहून घ्यावा, आणि प्रत्येक अंकापुढें एक छापील शब्द उदाहरणादाखल जोडावा. पुढील वाचकास आम्हांला प्रश्न विचारण्याची सोय असणार नाहीं.